जपानला जायची तयारी : चौथीच्या वर्गातला एक पाठ



माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी जपानला राहायला गेली. तिचं खरं नाव इथे देत नाही, आपण तिला चिऊ म्हणू. तिचे वडील चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला. कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी नागोया शहराजवळ पाठवलं. वडील आधी गेले, आई आणि चिऊ वार्षिक परीक्षा झाल्यावर जाणार होत्या. घरातलं कुणीच याआधी परदेशात गेलेलं नव्हतं. विमानसुद्धा आकाशातच पाहिलेलं.

जानेवारीत ही बातमी वर्गात कळली तेव्हा चिऊ वर्गाची हिरोईनच झाली. पण फेब्रुवारीत एक वेगळीच गोष्ट दिसली. पोषण आहाराच्या सुट्टीत सगळी मुलं पंगतीला बसली होती आणि चिऊने दप्तरातून चमचा काढला. आमटी-भात चमच्याने, शेजारच्या मुलीपासून थोडं लांब सरकून. मुलं हसली. कुणीतरी "जपानी बाई" म्हणालं. दुसऱ्या दिवशी तर ती जेवलीच नाही. मी जवळ बसून विचारलं तर हळूच म्हणाली, "मॅडम, आपण हाताने जेवतो ते घाण असतं का?"

खरं सांगते, मला लगेच उत्तर सुचलं नाही. नंतर आईशी बोलले तेव्हा उलगडा झाला. मोबाइलवर आलेली एक यादी आईने झेरॉक्स सेंटरमधून छापून आणली होती, 'जपानमध्ये चुकूनही करू नका' अशी. चाळीस गोष्टी. मोठ्याने बोलू नका, हाताने जेवू नका, नाक शिंकरू नका, चालता चालता खाऊ नका. आई रोज रात्री तिच्याकडून पाठ करून घेत होती. आईचा हेतू चांगलाच होता, लेकीला तिकडे कुणी नावं ठेवू नयेत एवढंच. पण चाळीस 'नका' पाठ करून मुलीने एकच अर्थ काढला : आपण जसे आहोत तसे चुकीचे आहोत.

आणि त्यात माझाही वाटा होता. परिसर अभ्यास शिकवताना मी दोन-तीनदा म्हणाले होते, "बघा, जपानची मुलं किती शिस्तीची! नाहीतर तुम्ही." आपण शिक्षक असं सहज बोलून जातो. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात ते कुठे जाऊन बसतं, ते मला त्या चमच्यामुळे कळलं.

मग ठरवलं की ही तयारी फक्त चिऊची नको, सगळ्या वर्गाची करायची. मार्चमधले आठ तास, रोजचा एक. काय केलं ते सविस्तर लिहिते. तुमच्या वर्गातलं मूल जपानला जात नसेलही, पण वसतिगृहावर, मोठ्या शहरात, दुसऱ्या राज्यात जाणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. पाठ तिथेही उपयोगी पडेल.

उपक्रम १ : तीन रकान्यांचा तक्ता

फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला 'त्यांची रीत', दुसरा 'त्यामागचं कारण', तिसरा 'आपल्याकडचं तसंच काही'. नियम एकच : दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्यावर हसायचं नाही आणि तिसरा भरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सुरुवात सोप्या गोष्टीने केली. जपानी घरात शिरताना चपला-बूट दाराशीच काढतात. तिथे थोडी खालच्या पातळीवरची जागा असते, तिला गेनकान म्हणतात. बूट काढून त्यांची टोकं दाराकडे करून ठेवायची. शौचालयाच्या सपाता वेगळ्या, त्या घालून घरात फिरायचं नाही. आणि तातामी, म्हणजे गवती चटयांची जमीन असलेल्या खोलीत तर सपातासुद्धा नको. मुलं म्हणाली, "मॅडम, हे तर आपलंच!" एकाने सांगितलं, "आमची आजी न्हाणीघरातली चप्पल बाहेर आणली की ओरडते." पहिल्याच दिवशी चिऊचा चेहरा जरा सैल झाला.

मग थोडं अवघड. जपानी लोक दोन काड्यांनी जेवतात, त्या काड्यांना हाशी म्हणतात. या काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. का? कारण तिकडे माणूस गेल्यावर त्याच्यासाठी ठेवलेल्या भाताच्या वाटीत काड्या अशा उभ्या खोचतात. तसंच एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलून देतात. वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आपल्यात दहाव्याला भाताचा पिंड ठेवतात, तसं." त्याचे आजोबा दिवाळीनंतर गेले होते. 'काड्या उभ्या खोचू नका' ही ओळ यादीत नुसती वाचली असती तर कुणाच्या लक्षात राहिली नसती. आता ती कुणीही विसरणार नाही.

चार आकड्याचंही असंच. जपानी भाषेत चारला 'शि' म्हणतात आणि मृत्यूलाही 'शि'. म्हणून भेट देताना चार वस्तूंचा संच टाळतात. तिसऱ्या रकान्यासाठी हात पटापट वर झाले. ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत, आहेर शंभरचा नाही तर एकशे एकचा करतात, जाताना 'जातो' नाही 'येतो' म्हणायचं. मी फक्त लिहीत गेले.

काही ठिकाणी तिसऱ्या रकान्यात अगदी उलटं निघालं, आणि तेही चांगलंच झालं. जपानच्या दुकानात पैसे बहुधा हातात देत नाहीत, गल्ल्याजवळ एक छोटा ट्रे असतो त्यात ठेवतात. आपल्याकडे पैसे समोर ठेवले तर समोरच्याला वाटतं, हा हातात द्यायला कमीपणा मानतोय. एकच कृती, एका गावी आदब आणि दुसऱ्या गावी अपमान. मुलांना हे फार आवडलं. हॉटेलात टिप ठेवण्याचंही तसंच. तिकडे ती पद्धतच नाही, वेटर विसरलेले पैसे समजून मागे धावत येण्याची शक्यता जास्त!

आता हाताने जेवण्याचं. चिऊचा प्रश्न मी मुद्दाम चौथ्या दिवसापर्यंत राखून ठेवला होता. जपानमध्ये ओनिगिरी नावाचा पदार्थ घरोघरी असतो. भाताचा दाबून केलेला त्रिकोणी मुटका, भोवती समुद्री शेवाळाची पट्टी. तो हाताने खातात. सुशीसुद्धा हाताने खाल्लेली चालते. म्हणजे हात घाण नाही. कुठला पदार्थ कशाने खायचा हे पदार्थावर आणि गावावर ठरतं. आपणही आईस्क्रीम हाताने खात नाही! जपानी माणूस नूडल्स सुर्र आवाज करत खातो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही, आपल्याकडे मात्र भुरके मारले की आजी डोळे वटारते. जेवणाआधी ते हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात, म्हणजे हे अन्न मी कृतज्ञतेने स्वीकारतो. संपल्यावर 'गोचिसोसामा'. आपल्या शाळेत पंगतीत म्हणायचा श्लोक असतो, भाव तोच.

त्या दिवशी चमचा दप्तरातच राहिला.

उपक्रम २ : पाहुणा आपल्या गावात आला तर

पाचव्या दिवशी खेळ उलटा केला. गटांना सांगितलं, चिऊएवढी एक जपानी मुलगी आपल्या गावात दोन वर्षं राहायला येणार आहे. तिच्यासाठी यादी करा, पण प्रत्येक गोष्टीचं कारण सांगता आलं पाहिजे.

मुलांनी लिहिलेल्यातलं थोडं देते :

* कुणाला पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार कर. पुस्तकाला लागला तरी.
* 'पुरे' म्हटलं तरी वाढतात. रागावू नको. खरंच पुरे असेल तर ताटावर आडवा हात धर.
* शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नको, निदान साखर तरी घाल.
* आम्ही मान डोलावतो ते 'हो' असतं. नाही असं वाटलं तरी 'हो'च असतं.
* डाव्या हाताने प्रसाद घेऊ नको.

कारणं शोधायला मुलांना घरी जावं लागलं. आजी-आजोबांना विचारावं लागलं. काही गोष्टींची कारणं मोठ्यांनाही सांगता आली नाहीत, "पहिल्यापासून आहे" एवढंच. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग जपानच्या लोकांनाही सगळ्याचं कारण सांगता येत नसेल ना?" या एका वाक्यासाठी आठ तास सत्कारणी लागले असं मला वाटलं. आपली रीत परक्याच्या डोळ्यांनी पाहता आली की परक्याची रीत विचित्र वाटायची थांबते.

उपक्रम ३ : करून बघू

माहिती सांगून सवय लागत नाही, म्हणून दोन दिवस नुसता सराव केला.

बांबूच्या काड्या तासून घेतल्या आणि चुरमुरे, मग शेंगदाणे, मग वाटाणे उचलायची स्पर्धा घेतली. बाक ओळीने लावून आगगाडी केली. जपानी गाडीत फोनवर बोलत नाहीत, आवाज हळू ठेवतात, दप्तर पाठीवरून काढून पुढे धरतात, उतरणाऱ्यांना आधी वाट देतात. पाच मिनिटं आमची गाडी खरंच शांत चालली. आमच्या वर्गासाठी हा विक्रमच!

कचऱ्याचा सराव सर्वांत अवघड गेला. जपानमध्ये रस्त्यावर कचराकुंड्या फार कमी. आपला कचरा पिशवीत ठेवून घरी न्यायचा आणि घरी तो वेगवेगळा करून ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी ठेवायचा. आठवडाभर प्रत्येकाने खिशात एक छोटी पिशवी ठेवली. शनिवारी ती रिकामी करताना गोळ्यांचे कागद मोजले. मी काहीच भाष्य केलं नाही, मुलंच एकमेकांकडे बघत होती.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे लिहायला हवी. जपानच्या प्राथमिक शाळेत मुलं रोज स्वतः वर्ग आणि व्हरांडा साफ करतात, दुपारचं जेवणही पांढरा ॲप्रन आणि टोपी घालून पाळीपाळीने मुलंच वाढतात. हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "आम्ही पण झाडतो की." बरोबर, पण कोण झाडतं? फळ्याशेजारची माझीच सफाईची यादी पाहिली. झाडू मुलींच्या नावावर, फळा पुसणं आणि घंटा मुलांच्या नावावर. तिकडे मुलगा-मुलगी हा फरक नाही. दुसऱ्या दिवसापासून आमची यादी हजेरी क्रमांकाने लागली. एक-दोन पालक विचारायला आले, त्यांना समजावलं. सुरुवातीचे काही दिवस झाडू मीही हातात घेतला.

उपक्रम ४ : भाषेची भीती घालवणे

चिऊला सर्वांत मोठी भीती भाषेची होती. इथे मराठी मुलांना जन्मतःच एक फायदा आहे आणि तो आपण त्यांना सांगत नाही. जपानी हिरागाना लिपीत मूळ ४६ अक्षरं. त्यांचा तक्ता असा चालतो : अ, इ, उ, ए, ओ, क, कि, कु, के, को. ओळींचा क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटलं ना? बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आपल्या वर्णमालेच्या क्रमाची छाप तिथे पोहोचली. आमच्या चौथीच्या मुलांनी बाराखडीच्या चालीवर हा तक्ता म्हणून टाकला.

वाक्याची रचनाही आपल्यासारखी. 'मी पाणी पितो' हे 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु' असं होतं. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि आपल्या प्रत्ययांसारखे छोटे शब्द नामाच्या मागे. इंग्रजी शिकताना मुलं जिथे अडतात तिथे जपानी शिकताना ती अडत नाहीत. मात्र 'ल' उच्चार वेगळा नाही, त्यामुळे 'कमल'चा 'कमारु' होतो. वर्गातल्या सगळ्या 'ल'वाल्या नावांची त्या दिवशी मजा झाली. चित्रलिपी, म्हणजे कांजी, हे खरं कष्टाचं काम आहे. प्राथमिकच्या सहा वर्षांत तिकडची मुलं १०२६ कांजी शिकतात. ते एका महिन्यात येणार नाही आणि येण्याची गरजही नाही, हे चिऊला स्पष्ट सांगितलं.

तिच्यासाठी आम्ही सहाच वाक्यं पक्की केली : 'ओहायो गोझाइमासु' (सकाळचा नमस्कार), 'अरिगातो गोझाइमासु' (धन्यवाद), 'सुमिमासेन' (माफ करा, किंवा जरा ऐकता का), 'वाकारिमासेन' (मला समजलं नाही), 'तोइरे वा दोको देसु का' (शौचालय कुठे आहे), 'तासुकेते' (मदत करा). यातलं 'वाकारिमासेन' सर्वांत महत्त्वाचं. समजलं नाही असं सांगता आलं की मूल गप्प बसत नाही. शिक्षकांना 'सेन्सेइ' म्हणायचं. दुसऱ्याच्या नावाला 'सान' जोडायचं, स्वतःच्या नावाला कधीच नाही. आपणही स्वतःला 'राव' म्हणवून घेत नाही, तसंच.

पालकांसाठी थोडं व्यवहाराचं

चिऊच्या आईबरोबर बसून जी यादी केली ती इतरांनाही कामी येईल.

१. शाळा : जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. परदेशी मुलांनाही सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत प्रवेश मिळतो. शिकवणी फी नाही, पाठ्यपुस्तकंही मोफत. जेवण आणि साहित्याचा खर्च अनेक ठिकाणी पालकांना करावा लागतो. राहायला गेल्यावर १४ दिवसांच्या आत तिथल्या नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, तिथेच शाळेची चौकशी करायची. वर्ग बहुधा वयानुसार मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड जवळ ठेवावं, इंग्रजी भाषांतरासह.

२. औषधं : सर्दी-खोकल्याच्या काही औषधांवर तिकडे बंदी किंवा मर्यादा आहे. घरातला औषधांचा डबा उचलून नेऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या आणि जपानी दूतावासाच्या सूचना आधी तपासा.

३. खाण्याचं सामान : मांसाचे पदार्थ आणि बहुतेक ताजी फळं नेता येत नाहीत. आजीने दिलेले आंबे इथेच खाऊन घ्या.

४. शाकाहारी असाल तर : नुसत्या भाज्यांच्या सूपमध्येही बहुधा 'दाशी' असतं, आणि ते पुष्कळदा सुक्या माशापासून केलेलं असतं. 'मी मांस, मासे आणि माशाचं दाशी खात नाही' असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. आईने ते कार्ड वडिलांच्या सहकाऱ्याकडून लिहून घेतलं.

५. वीज : तिकडे १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचा प्लग. आपला मिक्सर चालणार नाही. चटणी वाटून न्यावी हे उत्तम.

६. भूकंप : हे मुलांना आधीच सांगा, घाबरवून नव्हे, कवायत म्हणून. हलायला लागलं की टेबलाखाली, डोकं झाकून. शाळेत याचा नियमित सराव होतो. १९२३ च्या मोठ्या भूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबर हा तिथे आपत्ती निवारण दिन असतो. पोलिसांसाठी ११०, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक मुलाला पाठ हवेत.

७. शेजार : नव्या घरी गेल्यावर शेजाऱ्यांकडे छोटीशी भेटवस्तू घेऊन ओळख करून घ्यायची तिकडे जुनी पद्धत आहे. भेट दोन्ही हातांनी द्यायची. चिऊच्या आईने यासाठी छोट्या कापडी पिशव्या शिवून घेतल्या.

८. वेळ : जपानची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आजी-आजोबांना फोन कधी करायचा ते आधीच ठरवा. तिकडच्या रात्री आठला आपल्याकडे दुपारचे साडेचार असतात.

आणि एक दिलासा. मराठी माणूस तिथे रुळू शकतो का, ही शंका असेल तर योगेंद्र पुराणिक यांचं उदाहरण आहे. मराठी घरातला हा माणूस जपानी भाषा शिकून टोकियोत स्थायिक झाला, २०१९ मध्ये तिथल्या एदोगावा विभागाच्या परिषदेवर निवडून आला आणि पुढे जपानमधल्या एका सरकारी शाळेचा मुख्याध्यापकही झाला. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणपतीही बसतो.

शेवटी

एप्रिलच्या अखेरीस चिऊ गेली. जाताना वर्गाने तिला दोन तक्ते दिले, एक तीन रकान्यांचा आणि एक 'पाहुणी आपल्या गावात आली तर'चा. दुसरा तिथल्या मैत्रिणींना दाखवायला.

जूनमध्ये तिच्या आईच्या फोनवरून आवाजाचा संदेश आला. चिऊ सांगत होती की पहिला आठवडा तिला काहीच समजलं नाही आणि ती रोज 'वाकारिमासेन' म्हणत होती. शेजारच्या मुलीच्या दप्तराला तिचा पाय लागला म्हणून तिने दप्तराला हात लावून नमस्कार केला, तेव्हा ती मुलगी हसली. "मग मॅडम, मी तिला हाताने खुणा करून कारण सांगितलं. आता तिचा पाय लागला की ती पण करते."

ती चाळीस 'नकां'ची यादी आईने नेली की नाही, मला माहीत नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी बरोबरच होत्या. पण मुलाला परक्या देशात पाठवताना 'तिथे काय करू नको' हे सांगण्याआधी 'तू जिथून आलास तिथेही रीत आहे, आणि तिला कारण आहे' हे सांगायला हवं. मग दुसऱ्याची रीत शिकताना त्याला लाज वाटत नाही. उत्सुकता वाटते.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर तिसऱ्या रकान्यात मुलांनी काय काय लिहिलं ते नक्की जपून ठेवा. आपल्याच गावाची बरीच नवी ओळख होते.